स्पायडरमॅनची वाटणी: साडेअकराशे तासांचा घटनाक्रम

(वेळा भारतीय आहेत. अमेरिकेतल्या बातम्यांच्या वेळा ठोकळमानाने धरल्या आहेत.)

४ जुलै २०१९, गुरुवार. साडेअकराशे तास आधी

‘स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम’ भारतात लागला. इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला, मराठीत नाही. वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या पोरांनी तो बहुधा हिंदीतच पाहिला असेल, परभणीला किंवा नांदेडला जाऊन, नाहीतर पुढे कधीतरी मोबाइलवर. पण पाहिला असेल नक्की. दोनच महिन्यांपूर्वी ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मेला होता, आणि त्याच्यामागे स्पायडरमॅनचं, त्या सोळा वर्षांच्या पीटर पार्करचं, काय होणार, हे त्यांना कळायला हवं होतं.

शेवट तर असा की पोरं खुर्चीतून उठलीच नसतील. भर चौकातल्या पडद्यावर पीटरचं खरं नाव जाहीर होतं, खुनाचा आळही त्याच्यावरच येतो, आणि चित्रपट तिथेच तुटतो. पुढचा भाग येईल या भरवशावर प्रेक्षकाला असं अधांतरी सोडलेलं असतं. हा भरवसा देणाऱ्या कंपन्या दोन होत्या, सोनी आणि मार्व्हलची मालक डिस्ने, आणि दोघींमधला करार या चित्रपटाबरोबरच संपत होता.

१९ ऑगस्ट, सोमवार पहाट. सुमारे ४८ तास आधी

आठवडाअखेरचे आकडे आले. ‘फार फ्रॉम होम’ने जगभरात ११० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता. जेम्स बाँडच्या ‘स्कायफॉल’ला मागे टाकून सोनी पिक्चर्सच्या इतिहासातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट तो ठरला.

इतक्या मोठ्या यशानंतर भांडण कशाला, असं वाटेल. माझ्या मते भांडण या यशामुळेच पेटलं. चित्रपट पडला असता तर सोनीला मार्व्हलची गरज उरली असती आणि डिस्नेला जास्त वाटा मागायला तोंड उरलं नसतं. आता दोघींनाही वाटत होतं की हे आपल्यामुळे झालं. सोनीकडे स्वतःचा पुरावाही होता. २०१८ मध्ये मार्व्हल स्टुडिओजच्या मदतीशिवाय काढलेल्या ‘व्हेनम’ने ८५ कोटी डॉलर कमावले होते, आणि ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्कर आणलं होतं.

२० ऑगस्ट, मंगळवार, रात्री दीड. २४ तास आधी

हा करार मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण तो बटईचा होता. जमीन सोनीची: स्पायडरमॅनवर चित्रपट काढण्याचा हक्क तिचा. कसणारा मार्व्हल स्टुडिओजचा प्रमुख केविन फायगी: गोष्ट, नट, दिग्दर्शन यांवर त्याची देखरेख. बी-बियाणाचा, म्हणजे निर्मितीचा सगळा खर्च सोनीचा आणि पीकही जवळजवळ सगळं तिचंच. मार्व्हलच्या मालक डिस्नेला पहिल्या रुपयापासून शेकडा पाच. बदल्यात डिस्नेला स्पायडरमॅन आपल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये वापरता येई. खेळणी, कपडे, दप्तरं यांच्या विक्रीतला सोनीचा हिस्सा डिस्नेने २०११ मध्येच विकत घेतला होता, त्यामुळे ती मिळकत पूर्णपणे डिस्नेची.

नेहमीच्या बटईपेक्षा इथे वेगळं एवढंच की कसणारा जमीनमालकाहून कितीतरी मोठा होता. डिस्नेला आता शेकडा पाच पुरेनात. बातम्यांनुसार तिची मागणी होती: खर्च निम्मा आम्ही करू, नफाही निम्मा घेऊ. काही ठिकाणी तीस टक्क्यांचा आकडा आला. सोनीने नकार दिला. तिला जुन्याच अटी हव्या होत्या.

यात सोनीची बाजू मला पटते. तिच्या हातात एवढा मोठा नायक हा एकच होता. डिस्नेकडे मार्व्हल होतं, पिक्सार होतं, ‘स्टार वॉर्स’ होतं, आणि मार्चमध्ये सुमारे ७१ अब्ज डॉलर मोजून फॉक्सचा बहुतांश कारभार घेतल्यापासून एक्स-मेनही होते. ज्याची कोठारं भरलेली आहेत त्याने शेजाऱ्याच्या एकुलत्या एका वावरात निम्मं मागावं, हे न्यायाचं नाही.

२० ऑगस्ट, दुपारी दीड. १२ तास आधी

लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र उलटली होती. हट्ट्यात दुपार होती, पोळा दहा दिवसांवर आला होता. नायकाचे असे तुकडे कसे पडले हे समजण्यासाठी मागे जावं लागतं.

स्पायडरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात. अंकावर तारीख होती ऑगस्ट १९६२. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. पोषाखाची, जाळ्याची, त्या किडकिडीत पोराच्या अंगलटीची कल्पना डिटकोने कागदावर उतरवली. कंपनीसाठी केलेलं काम म्हणून मालकी कंपनीची. स्टॅन लीला २००२ च्या पहिल्या मोठ्या चित्रपटानंतर नफ्यातल्या वाट्यासाठी मार्व्हलविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००५ मध्ये तडजोड झाली, एक कोटी डॉलरवर. डिटको जून २०१८ मध्ये गेला आणि स्टॅन ली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पुढच्या वर्षी दोन कंपन्या वाट्याचा हिशेब मांडत बसल्या तेव्हा ज्यांनी हा पोरगा जन्माला घातला त्यांच्यापैकी कुणीच हयात नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

चित्रपटाचे हक्क १९८५ पासून एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिले. १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. १९९८ च्या सुमारास पैशाची निकड असलेल्या मार्व्हलने सोनीपुढे आपले जवळपास सगळेच नायक अडीच कोटी डॉलरमध्ये ठेवले. सोनीचं उत्तर होतं की बाकीचे कुणाला हवेत, आम्हाला फक्त स्पायडरमॅन द्या. एक कोटी डॉलर आणि कमाईतला थोडा हिस्सा यावर व्यवहार ठरला. आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका मार्व्हलकडे राहिले आणि २००९ मध्ये चार अब्ज डॉलरच्या सौद्यात डिस्नेकडे गेले.

२० ऑगस्ट, संध्याकाळी साडेसात. ६ तास आधी

चित्रपट-हक्कांच्या करारात आणखी एक कलम होतं. आधीचा चित्रपट लागल्यापासून पावणेसहा वर्षांच्या आत सोनीने पुढचा लावला पाहिजे, आणि पावणेचार वर्षांच्या आत चित्रीकरण सुरू झालं पाहिजे. नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत. २०१४ च्या अखेरीस सोनीच्या संगणकांवर मोठा हल्ला होऊन तिचे कागद जगजाहीर झाले, तेव्हा बाहेरच्यांना हे कलम कळलं.

सोनीने पाच वर्षांत नवा नट घेऊन पुन्हा पहिल्यापासून गोष्ट का सांगायला घेतली, याचं निदान एक कारण इथे आहे. २००७ नंतर २०१२, मग २०१४. गोष्ट पिकायला वेळ द्यायचा तर मुदत टळणार. २०१४ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन २’ने तोवरच्या पाचांत सर्वांत कमी कमाई केली, आणि तेव्हाच फायगीने सोनीच्या अ‍ॅमी पास्कल यांना सुचवलं की हा आम्हाला करू द्या. पास्कल इतक्या चिडल्या की हातातलं सँडविच त्याच्या दिशेने भिरकावलं, असं सांगतात. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच दोघांच्या पुढाकाराने करार जाहीर झाला, आणि टॉम हॉलंड हा नवा पीटर पार्कर मिळाला.

जुलै २०१९ पासून मोजली तर पुढची मुदत एप्रिल २०२५ ला संपत होती. सोनीला थांबणं परवडणारं नव्हतं. डिस्नेचा मेळावा, डी-२३, तीन दिवसांवर होता. चर्चा मात्र अडून बसली होती.

२१ ऑगस्ट, बुधवार, रात्री सुमारे दीड. फूट

हॉलिवूडच्या व्यवहारांची खबर ठेवणाऱ्या ‘डेडलाइन’ने बातमी दिली. डिस्ने आणि सोनी यांची बोलणी फिसकटली, यापुढच्या स्पायडरमॅन चित्रपटांत केविन फायगी नसेल.

अर्थ सरळ होता. पुढच्या भागात पीटर पार्कर टोनी स्टार्कचं नाव घेऊ शकणार नाही. चार चित्रपट ज्याने मुलासारखं जवळ केलं, ज्याच्या मरणावर पोरगा रडला, त्याच्याशी असलेलं नातं वकिलांच्या लेखी संपलं. चौकात नाव फुटलेल्या मुलाला त्याच्याच जगातून हद्दपार केलं गेलं.

पुढचे काही तास

समाजमाध्यमांवर ‘सेव्ह स्पायडी’ची हाक उठली. हॉकआय साकारणारा जेरेमी रेनर याने सोनीला उघड विनवलं की स्पायडरमॅन मार्व्हलला परत द्या. लोकांचा राग एकट्या सोनीवर निघाला, आणि ते अन्यायाचं होतं. वाटा वाढवून मागणारी सोनी नव्हती.

आपल्याकडे सकाळ व्हायच्या सुमारास सोनीने ट्विटरवर उत्तर दिलं. सूर शांत होता: बातम्यांत चर्चेचं चित्र विपर्यस्त आलं आहे, फायगीला न ठेवण्याचा निर्णय डिस्नेचा आहे, आम्ही निराश आहोत पण त्याचा मान ठेवतो, आणि फायगीवर नव्या जबाबदाऱ्या इतक्या आहेत की डिस्नेच्या मालकीच्या नसलेल्या कामासाठी त्याला वेळ नाही. या एका मुद्द्यात सगळं आलं. आमचा तो आमचा.

काही दिवसांत स्टॅन लीची मुलगी जे. सी. ली सोनीच्या बाजूने बोलली. वडिलांच्या निर्मितीवर मार्व्हल आणि डिस्ने यांचंच पूर्ण नियंत्रण असू नये, असं तिचं म्हणणं होतं. निर्मात्याच्या घरातून आलेला हा आवाज तेव्हाच्या गदारोळात फार थोड्यांनी मनावर घेतला.

२४ ऑगस्ट, शनिवार. फुटीनंतर चौथा दिवस

महाराष्ट्रात गोपाळकाला होता. कोल्हापूर-सांगलीच्या महापुरामुळे त्या वर्षी अनेक मंडळांनी दहीहंडी रद्द केली होती, तरी जिथे फुटली तिथे नाक्यानाक्यावर गोविंदा होता, आणि कृष्ण व्हायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आपल्या चित्रपटाचा जन्मच अशा नायकांपासून झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’मध्ये मारुती उडवला, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. नायक सगळ्यांचा होता, पण कंपनी नव्हती. १९१८ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत पैसा लावणाऱ्या भागीदारांशी त्यांचे खटके उडाले, आणि ते सगळं सोडून काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी कंपनीत परतले. भागीदारांना कंपनी अडवता आली. कृष्ण अडवता आला नाही, पुढे कितीतरी जणांनी तो पडद्यावर आणला. पीटर पार्करला ही मोकळीक नव्हती.

त्याच शनिवारी कॅलिफोर्नियात, डिस्नेच्याच मेळाव्यात, टॉम हॉलंड दुसऱ्या एका चित्रपटासाठी मंचावर आला. आठवडा वेडावाकडा गेला, पण मनापासून आभार, इतकंच तो म्हणाला, आणि ‘एंडगेम’मधला ‘आय लव्ह यू ३०००’ हा लाडका निरोप त्याने प्रेक्षकांना दिला. तेवीस वर्षांच्या त्या मुलाने दोन्ही कंपन्यांपेक्षा जास्त समजूतदारपणा दाखवला. पुढे त्याने थेट डिस्नेच्या बॉब आयगर यांच्याशी फोनवर बोलून, रडून, गाडं हलवलं. हे दोघांनीही नंतर जाहीरपणे सांगितलं.

५ सप्टेंबरला सोनीचे अध्यक्ष टोनी व्हिन्सिक्वेरा म्हणाले की तूर्त दार बंद आहे. २७ सप्टेंबरला ते उघडलं. डिस्नेने खर्चाचा चौथा हिस्सा उचलायचा, नफ्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, खेळण्यांची मिळकत तिच्याकडेच. निम्म्याची मागणी पावावर आली. स्पायडरमॅनचा एक चित्रपट फायगीने करायचा आणि मार्व्हलच्या एका चित्रपटात हॉलंडने दिसायचं, एवढ्यापुरताच हा करार होता. तो चित्रपट, ‘नो वे होम’, डिसेंबर २०२१ मध्ये आला आणि त्याने जवळपास १९० कोटी डॉलर कमावले.

जून २०२३ मध्ये सोनीने स्वतःच्या बळावर काढलेला ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत लावला. त्यात पवित्र प्रभाकर होता, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ मध्ये कॉमिकसाठी रचलेला मुंबईकर स्पायडरमॅन. दहांपैकी एक भाषा मराठी होती.