जात्याभोवतीच्या रसिक

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. १९०९ साली पुण्यातच सेवासदन उभे राहिले, रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढे त्याची शाखा सोलापुरातही निघाली. बायकांनी एकत्र जमावे, वाचावे, गाणे शिकावे, ही गोष्ट शहरांतून अशी रुळत गेली. सोलापूर आमच्या अणदुराहून साठ किलोमीटरसुद्धा नाही. पण मध्ये सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांचे, आम्ही निजामाचे. सरकारदरबारची भाषा उर्दू. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ नंतर तर सभा भरवायची म्हणजे आधी परवानगी हवी. अशा मुलखात बायकांचे रसिकमंडळ कोण काढणार?

तरीही ते होते, असे माझे म्हणणे आहे. पहाटे जात्यावर बसायला परवाना लागत नसे.

दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवी उचलायची, दुसरीने झेलायची. आणि झेलणारी नुसती मान डोलावीत नसे. माझी आजी सांगे, एकीच्या ओवीवर तिची जाऊ म्हणाली होती, “गळा गोड आहे गं, पण भावाचं नाव ओवीत कोंबलंय.” कोंबलंय! समीक्षेच्या जाड पुस्तकांत मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. बसलेली ओवी दुसऱ्या दिवशी शेजारच्या जात्यावर जाई. न बसलेली तिथेच पिठात पडे.

या मंडळाला भिंती नव्हत्या असे मात्र कुणी समजू नये. बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या मराठवाड्यात गावकुसाबाहेरच्या जात्यांवर झाल्या. वाड्यातल्या जात्यांनी त्या झेलल्या नाहीत.

१९४८ च्या सप्टेंबरात सरहद्द गेली. पुढे पिठाची गिरणी आली, आणि सभासद पांगले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या आधीच जमवल्या होत्या, नंतर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक गोळा केल्या. फार मोठे काम. गाणारीचे नाव, गाव त्यात आले. पण “कोंबलंय” म्हणणारी जाऊ कोणत्या रकान्यात घालायची?

लग्नाच्या हळदीला आमच्याकडे अजून जाते धुऊन मांडतात. दोनचार म्हाताऱ्या गातात, मुली मोबाइलवर टिपतात. एखादी अडखळली की समोरची तिला मध्येच थांबवते, शब्द बदलून देते, कधी दोघींची जुंपते. तेवढा भाग मुली नंतर कापून टाकतात.