थडगी, दोर आणि पाथरवटांची थट्टा

कडे-कपारी चढणाऱ्या मंडळींच्या मेळ्यात एखादा पुराणवस्तुसंशोधक सापडला, की मुक्कामाच्या जागी त्याची थट्टा ठरलेलीच. दोर गुंडाळून ठेवले, चूल पेटली, चहा उकळू लागला, की कुणीतरी सुरुवात करतो, "काय हो, तुमच्या त्या इजिप्तच्या राजांना जिवंतपणी धड दगडी घर बांधणं सुचलं नाही. मेल्यावर राहायला मात्र डोंगर पोखरून घेतला!" दुसरा म्हणतो, "आम्हाला कड्यात एक मेख ठोकताना घाम फुटतो, आणि यांनी म्हणे तांब्याच्या हत्यारांनी ग्रॅनाइट कापला. आकाशातून कुणी उतरलं असेल मदतीला!" तिसरा निकाल देऊन टाकतो, "कशाला आकाशातून? हजारो गुलाम आणि एक चाबूक, झालं काम."

हसायला काही हरकत नाही. पण या तीन विनोदांत तीन निवाडे दडलेले आहेत. पहिला म्हणतो, ती माणसे वेडी होती. दुसरा म्हणतो, त्यांच्या हातून हे होणे शक्यच नव्हते. आणि तिसरा म्हणतो, ती माणसे नव्हतीच, नुसती जनावरे होती. चार हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दगड फोडला, त्यांना आपली बाजू मांडायला आज येता येत नाही. तेव्हा त्यांच्या वतीने हे तीन निवाडे जरा तपासून पाहू.

पहिली थट्टा घेऊ. इजिप्तमध्ये घरे कच्च्या विटांची होती, राजवाडेसुद्धा मातीचेच. दगड वापरायचा तो देवळाला आणि थडग्याला. याचे कारण सरळ आहे. घर एका आयुष्यापुरते, थडगे मात्र कायमचे, अशी त्यांची श्रद्धा. इ. स. पूर्व २५६० च्या सुमारास खुफू राजाचा पिरॅमिड उभा राहिला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर, म्हणजे ४८० फूट. पण एवढा डोंगर रचला की तो दहा कोसांवरून चोरालाही दिसायचाच. पिरॅमिड लुटले गेले. म्हणून पुढे हजारएक वर्षांनी थीब्जच्या राजांनी उघड्यावरचा पिरॅमिड सोडून दिला आणि नाईलच्या पश्चिमेला, ओसाड डोंगरांच्या घळीत, खडकाच्या पोटात थडगी खोदवली. त्या डोंगरांच्या माथ्यावर एक सुळका आहे. त्याला तिथले लोक अल-कुर्न, म्हणजे शिंग, म्हणतात. तो आकाराने जणू निसर्गाने घडवलेला पिरॅमिडच.

तिथले एक थडगे तर आपल्या डोंगरचढ्या मित्रांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे. १९१६ साली हॉवर्ड कार्टर लक्सरला होता. पुढे १९२२ साली ज्याने तुतांखामेनचे थडगे उजेडात आणले तोच हा कार्टर. गावच्या काही वडीलधाऱ्यांनी येऊन त्याला खबर दिली, की डोंगरात चोरांना काहीतरी गवसले आहे आणि दोन टोळ्यांत मारामारी झाली आहे. कार्टर काही माणसे घेऊन चांदण्यात डोंगर चढला. मध्यरात्री कड्याच्या टोकाशी पोहोचला, तो तिथून एक दोर खाली लोंबकळत होता आणि खालून काम चालल्याचा आवाज येत होता. त्याने आधी चोरांचा दोर कापला. म्हणजे त्यांची परतीची वाट बंद! मग स्वतःचा भक्कम दोर बांधून तो एकटा खाली उतरला. आत आठ चोर. त्याने त्यांच्यापुढे दोन मार्ग ठेवले. माझ्या दोराने गुमान वर जा, नाहीतर दोराशिवाय इथेच राहा. चोरही व्यवहारी होते. ते निघून गेले. मध्यरात्री दोरावरून घसरत चोरांच्या घोळक्यात उतरण्यात मौज काही कमी नसते, अशा अर्थाची मिस्किल टिप्पणी कार्टरने पुढे लिहून ठेवली आहे.

ते थडगे घळीच्या तळापासून सुमारे २२० फूट वर आणि कड्याच्या माथ्यापासून सुमारे १३० फूट खाली, एका चिरेत लपवलेले होते. वीस दिवस खपून कार्टरने ते साफ केले. आत सोने नाही, प्रेत नाही. निघाली ती एक रिकामी दगडी शवपेटी. ती हत्शेपसूत राणीसाठी केलेली होती. ही राणी पुढे स्वतःच राजपदावर बसली, तिने राजांच्या घळीत दुसरे थडगे खोदवले आणि हे अर्धवटच राहिले. चोरांची मेहनत फुकट गेली, हा विनोद खराच. पण क्षणभर विचार करा. क्वार्ट्झाइट या अतिकठीण दगडाची ती अवजड पेटी त्या कड्यातल्या चिरेत नेली कुणी? दोर, खांदे आणि पायाखालचा अंदाज यांच्या जोरावर तुमच्या-आमच्यासारख्याच माणसांनी नेली. कडा चढणाऱ्याने तरी त्यांना वेडे म्हणू नये.

आता दुसरी थट्टा, म्हणजे आकाशातली मदत. ती काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात पियाझी स्मिथ नावाच्या स्कॉटिश खगोलशास्त्रज्ञाने असे मांडले होते, की पिरॅमिडच्या मापांत ईश्वरी ज्ञान साठवलेले आहे. फ्लिंडर्स पेट्री हा त्याच्या मित्राचा मुलगा. सत्तावीस वर्षांचा हा तरुण १८८० साली मोजणीची साधने घेऊन गीझाला गेला आणि तिथल्या एका रिकाम्या थडग्यातच त्याने बिऱ्हाड थाटले! उकाड्यात काम करताना अंगावर फक्त आतले कपडे ठेवी. तेही गुलाबी असले म्हणजे हौशी प्रवासी ते ध्यान पाहून लांबच राहतात, असे तो म्हणे. दोन हंगाम त्याने इंच न इंच मोजला आणि निष्कर्ष काढला, की ईश्वरी माप वगैरे काही जुळत नाही. स्मिथच्या पंथातला एक गृहस्थ तर आतला दगडाचा उंचवटा कानशीने घासून आपल्या सिद्धान्ताच्या मापात बसवायच्या खटपटीत असलेला पेट्रीला आढळला. सिद्धान्त दगडाला जुळत नाही, तर दगडच घासा!

माणसाच्या हाताची करामत मात्र पेट्रीला पदोपदी दिसली. पिरॅमिडची एक बाजू सुमारे ७५६ फूट. पुढे १९२५ साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजूंत सुमारे ८ इंचांचाच फरक निघाला. बांधाची मोजणी करताना दोरी किती दगा देते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यावरून या आठ इंचांची किंमत कळावी.

मग ग्रॅनाइट कापला कसा? तांबे मऊ, ग्रॅनाइट कठीण. नुसती तांब्याची छिन्नी मारली तर धारच वाकेल, हे खरे. पण कापण्याचे काम तांबे करतच नव्हते, ते वाळू करत होती. तांब्याची बिनदात्यांची करवत किंवा पोकळ नळी दगडावर फिरवायची आणि खाली वाळू सोडत राहायची. वाळूचे कण दगड खरवडतात, तांबे फक्त त्यांना रेटते. त्यात तांबेही झिजते, पण दगड कापला जातो. डेनिस स्टॉक्स या संशोधकाने अशी हत्यारे बनवून खुद्द अस्वानच्या ग्रॅनाइटवर १९९९ साली हे करून दाखवले आहे. मोठे दगड खाणीतून सोडवायला डोलेराइट या चिवट काळ्या दगडाचे गोळे वापरीत. ते दोन्ही हातांत धरायचे आणि आपटत राहायचे, दिवसचे दिवस. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट स्तंभ अजून तसाच आडवा पडला आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, अंदाजे वजन हजार टनांच्या वर. बहुतेक काम झाले, आणि दगडाला तडा गेला! तिथल्या पाथरवटांनी त्या दिवशी कपाळाला हात लावला असेल. परंतु त्यांचे ते अपयश आपल्या उपयोगी पडले, कारण घाव, चर, मोजणीच्या खुणा असे सगळे काम तिथे उघडे राहिले. आकाशातून आलेल्यांच्या दगडाला तडा कशाला जाईल?

तिसरी थट्टा गुलामांची आणि चाबकाची. इथे उत्तर द्यायला ते मजूर स्वतःच पुढे येतात, आणि गंमत अशी की तेही थट्टा करतच येतात. खुफूच्या पिरॅमिडात राजाच्या शवकक्षावर एकावर एक अशा पाच बुटक्या पोकळ्या आहेत. वरचा भार कक्षाच्या छतावर येऊ नये म्हणून त्या ठेवल्या, असे मानतात. सर्वांत खालची डेव्हिसनने १७६५ साली पाहिली. वरच्या चार हॉवर्ड व्हाइसने १८३७ साली सुरुंगाची दारू वापरून उघडल्या. तिथे कुणी कधी यायचेच नव्हते, म्हणून भिंती घोटल्या नव्हत्या. त्या ओबडधोबड दगडांवर तांबड्या गेरूने लिहिलेली मजुरांच्या टोळ्यांची नावे मिळाली. काही उलटी, काही आडवी, काही शेजारच्या दगडामागे शिरलेली. म्हणजे दगड बसवण्याआधीच ती लिहिली गेली होती. एका टोळीचे नाव होते 'खुफूचे मित्र'. पुढे मेनकाउरे राजाच्या बांधकामावरची एक टोळी तर स्वतःला 'मेनकाउरेचे मद्यपी' म्हणवून घेत होती! चाबकाखाली जीव मुठीत धरून राबणारा माणूस राजाच्या नावाची अशी चेष्टा दगडावर रंगवील काय?

पुराव्याची आणखी भर पडली आहे. १९९० साली गीझाजवळ एका घोड्याचा पाय भिंतीला अडखळला, आणि मजुरांची स्मशानभूमी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या जवळ त्यांना मानाने पुरले होते. काहींच्या हाडांवर मोडून नीट जुळल्याच्या खुणा आहेत, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या नाईकाची रोजनिशी मिळाली. चाळीसेक माणसांची तुकडी घेऊन तो तुरा येथील चुनखडीचे दगड होडीतून गीझाला पोचवीत असे. सरकारी सक्ती नव्हती असे मात्र म्हणू नये. वेठ होती, काम जीवघेणे होते, पाठीचे मणके झिजत होते. पण ती नावगाव असलेली, भाकरी आणि बिअर मिळवणारी माणसे होती.

राजांच्या घळीतली थडगी खोदणाऱ्यांचे गावच सापडले आहे. देर अल-मदीना त्याचे नाव. तिथल्या खापऱ्या आणि दगडाच्या कपच्या म्हणजे त्या गावाचे दप्तर. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीचा एक हजेरीपट त्यांत आहे. अमका आला नाही, डोळे आले होते. तमक्याला विंचू चावला. आणखी एकजण घरी बिअर गाळत होता. शिक्षकांना हा हजेरीपट ओळखीचा वाटेल! काही कपच्यांवर चित्रे आहेत. एकात उंदरीण बाईसाहेब होऊन बसली आहे आणि मांजर तिची सेवा करते आहे. मालक आणि चाकर यांची ही उलटापालट पाहून संध्याकाळी त्या गावात कोण कसे हसले असेल, हे सांगावे लागत नाही.

आणि हसणारा माणूस वेळ आली की ताठ उभाही राहतो. इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, रामसेस तिसरा याच्या २९ व्या वर्षी, या कारागिरांचे धान्य थकले. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेपोटी इथे आलो आहोत, अंगावर कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाच्या कानी घाला, असे त्यांनी सांगितले. कारकुनाने ते टिपून ठेवले. जगाच्या इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप होय. धान्य मिळाले, पुन्हा थकले, आणि ते पुन्हा बसले.

याच कारागिरांच्या जातकुळीतला एक पाथरवट, आमेनपनूफेर, सुमारे इ. स. पूर्व १११० मध्ये थडगे फोडल्याबद्दल पकडला गेला. त्याच्या जबानीत असे आहे, की आपण पूर्वीही एकदा पकडले गेलो होतो. तेव्हा वाट्याला आलेले सोने एका अंमलदाराला दिले आणि सुटलो. मग साथीदारांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई करून दिली. तेव्हा कारागीर म्हणजे सगळे संत होते असेही नव्हे. ती माणसे होती, बरी आणि वाईट.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. पिरॅमिडचा धडा आला की नुसती उंची आणि राजाचे नाव पाठ करून घेऊ नका. तांब्याची एक पट्टी, मूठभर वाळू आणि एखादा मऊ दगड वर्गात आणा, आणि मुलांना आळीपाळीने घासायला लावा. तासाभरात खाच किती पडली ते मोजा. मुले दमतील, हसतील, एकमेकांची थट्टा करतील. तेवढ्यात त्यांना इजिप्तच्या इतिहासातली मोठी गोष्ट कळलेली असेल, की एवढा दगड कापायला देवही लागत नाहीत आणि जनावरेही पुरत नाहीत. त्याला लागतो माणसाचा हात, शेजाऱ्याची साथ आणि वेळेवर मिळालेली भाकरी.