गोठ्याची ऊब

डेल्फ्टबाहेर कालवे ओलांडले की दुभत्या गाईंची कुरणे लागतात. जुन्या डच शेतघरांत माणसे, गुरे आणि गवताची गंजी एकाच छपराखाली असत. मला कोकणातला, घराला लागून असलेला आमचा गोठा आठवतो; इथे मात्र गुरांच्या अंगची ऊबही हिवाळ्यात मोलाची.

फेब्रुवारी १९७९मध्ये देशाच्या उत्तरेला हिमवादळाने रस्ते बुजले. दुधाचे टँकर पोचेनात. पण बर्फ पडला म्हणून गाय आटत नाही! धार काढली नाही तर कास सुजते. टाकी भरली की दूध ओतून द्यायचे, दुसरा इलाज नाही.

२ मार्च १९८७ला उत्तरेतच, पडताक्षणी गोठणाऱ्या पावसाने विजेच्या तारा तुटल्या. वीज नाही म्हणजे धारेचे यंत्रही बंद. आणि हाताने धार काढायची सवय एव्हाना कितीजणांना उरली होती?