रायपूरच्या संकल्पातले ‘अमुक’

यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी पडते आणि गुरुजी संकल्प सांगू लागतात. पौरोहित्याच्या छापील पोथीत हा मजकूर जवळजवळ सगळा ठरलेला असतो. मोजक्या जागी मात्र ‘अमुक’ छापलेले असते: अमुकनाम संवत्सरे, अमुकमासे, अमुकतिथौ, अमुकगोत्र. तिथे त्या दिवसाचा, त्या गावाचा आणि त्या माणसाचा तपशील आयत्या वेळी घालायचा. संकेतस्थळाच्या ठरलेल्या साच्यात संगणक आज तारीख आणि नाव भरतो. पुरोहित हेच काम पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करत आले आहेत.

त्यासाठी व्याकरण लागते. नुसती ‘चतुर्थी’ चालत नाही, ‘चतुर्थ्यां’ म्हणावे लागते. मंगळवारचा ‘भौमवासरे’ होतो. तिथी तर दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलते. कोणत्या कर्माला कोणत्या वेळची तिथी धरायची, याचा खल कमलाकरभट्टांनी काशीत 1612 मध्ये ‘निर्णयसिंधू’त केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहून तो आणखी सुटसुटीत मांडला.

त्याच शतकात मराठी माणसे छत्तीसगडात स्थिरावत होती. 1741 मध्ये बंगालच्या स्वारीवर निघालेल्या भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर घेतले. 1758 पासून नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी तिथूनच कारभार पाहू लागले. रतनपूरच्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल आणि मोडी लिपी त्यांच्यामुळे इकडे रुजली, असे छत्तीसगडचे इतिहासकार सांगतात. 1818 नंतर इंग्रज अधीक्षकांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, पण मराठी घरे इथेच राहिली.

ही घरे आपली कालगणना घेऊन आली होती आणि भोवतालची कालगणना वेगळी होती.

मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की नावे वेगळी होतात. कृष्णजन्माची रात्र एकच, पण मराठी संकल्पात ती श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारच्या हिंदी घरात भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र इकडे माघातली, तिकडे फाल्गुनातली. वर्षही निराळे: एकीकडे शालिवाहन शक, दुसरीकडे विक्रम संवत.

संवत्सराच्या नावात तर मोठेच अंतर पडते. साठ नावांचे चक्र दोन्हीकडे सारखेच आहे. उत्तरेत ते गुरूच्या गतीला बांधलेले असल्याने सुमारे 85 वर्षांत एक नाव गाळावे लागते. दक्षिणेने, आणि तिच्याबरोबर महाराष्ट्राने, नाव गाळण्याची ही पद्धत कित्येक शतकांपूर्वीच सोडली. म्हणून 2025 च्या पाडव्याला सुरू झालेले शके 1947 मराठी पंचांगात ‘विश्वावसु’, तर उत्तरेकडच्या अनेक पंचांगांत तेच वर्ष ‘सिद्धार्थी’. रायपुरातल्या मराठी घरात स्थानिक पंडितजी पूजा सांगायला आले, तर यांतले कोणते नाव घ्यायचे हे आधी बोलून घ्यावे लागते.

मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी 1841 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि ‘अमुक’च्या जागी घालायचा तपशील घरोघरी पोचण्याची वाट खुली झाली. आता मोबाइलवरचे पंचांग तो क्षणात दाखवते. गाव मात्र बरोबर निवडलेले हवे. रायपूरचा सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो. त्या अर्ध्या तासात तिथी संपली, तर दोन्ही शहरांची उदयतिथी वेगळी येते.

स्थळाची जागा भरणे त्याहून नाजूक. महाराष्ट्रातल्या पोथ्यांत दंडकारण्य आणि गोदावरीचा काठ छापलेलाच असतो. रायपूरला खारून नदी आहे. ती शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. गोदावरीचा तीर तसाच म्हणायचा की महानदीचे नाव घ्यायचे, हे पंचांग सांगत नाही. ते घरातले वडीलधारेच सांगू शकतात. रायपूरच्या मराठी घरांनी आपले गोत्र, वेदशाखा, महिन्याची पद्धत आणि संकल्पात घेतले जाणारे नदीचे नाव पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढे पूजा सांगायला येणाऱ्या कोणत्याही गुरुजींना ते पान पुरेल.