उधारीची वही

मुंबईच्या गिरणी संपांबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलंय. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, १९५० चा बोनससाठीचा ६३ दिवसांचा, १९७४ चा ४२ दिवसांचा, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो शेवटचा. पुढारी कोण होते, मागण्या काय होत्या, गोळीबार कुठे झाला, हे सगळं सापडतं. पण एक साधा प्रश्न मला नेहमी पडतो (मास्तरणीचा स्वभाव, दुसरं काय!). सहा-सहा महिने पगार नाही, मग ही माणसं जेवली कुठे?

बरेच जण गावी गेले, हे खरं. शेतीची कामं निघाली की कोकणात आणि घाटावर जायचं, ही त्यांची जुनी रीत. पण सगळेच काही जाऊ शकत नव्हते. सभा, मोर्चे, गिरणीच्या दारावरची पाळत यासाठी माणसं मुंबईत लागायचीच. ती जेवली चाळीतल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत, उधारीवर. त्या खोलीतली बाई मात्र संपाच्या इतिहासात फार तर एका ओळीत येते. म्हणून मंडळी, आजचा लेख तिच्यावर.

ती आली कुठून, ते आधी बघू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ती गिरणी चालू झाली. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून माणसांचा ओघ सुरू झाला तो पुरुषांचाच. बायको-मुलं गावी, म्हातारे आईबाप गावी, शेताचा तुकडाही गावीच. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. एकेका गावच्या लोकांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. त्यात वीस-वीस, तीस-तीस जण पाळीपाळीने राहायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. खुंटीला पिशवी आणि भिंतीशी पत्र्याची पेटी, एवढाच संसार. अशा खोलीत चूल कोण पेटवणार?

मग ज्याचं बिऱ्हाड मुंबईत आहे, अशा एखाद्याच्या बायकोला विचारलं जायचं, "वयनी, माझी पण दोन वक्ताची सोय होईल काय?" नवऱ्याच्या खात्यातले, नाहीतर गावातले दोघं-तिघं जेवायला येऊ लागायचे. दोघांचे दहा व्हायचे, दहाचे पंचवीस. पाटी नाही, परवाना नाही, भांडवल म्हणजे घरातली दोन मोठी पातेली. असा हा धंदा सुरू व्हायचा, आणि त्याला ती बाई स्वतःही धंदा म्हणायची नाही. "चार माणसं जेवायला असतात आमच्याकडे," एवढंच.

दुसरंही एक कारण होतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९२० च्या सुमारास गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती. सूत गुंडाळायच्या आणि रिळांच्या खात्यांत बहुतेक त्याच असत. पुढे बायकांना रात्रपाळीची बंदी झाली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, आणि त्याच काळात नवी यंत्रंही आली. कायदे चांगलेच होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मालकांनी हिशेब केला आणि बायकांची भरतीच आखडती घेतली. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसणार थोडीच? नवरा बदली कामगार, आज काम तर उद्या नाही. कुणाचा नवरा कापसाच्या तंतूंनी छाती भरून खोकत घरी बसलेला. कुणाचा गेलेलाच. अशा बाईला पोरांना सोडून न जाता करता येईल असा एकच उद्योग दिसत होता. रांधणं तिला येत होतंच.

आता त्या उद्योगाचं रोजचं रूप बघा. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्यावर पहिली पाळी सकाळी सातची. म्हणजे त्या जेवणाऱ्यांची भाकरी साडेसहाच्या आत डब्यात पडायला हवी. नळाला पाणी पहाटे, त्यामुळे चारला उठून आधी पाणी भरायचं. मग शेगडी, पुढच्या काळात रॉकेलचा स्टोव्ह. घाटावरच्या माणसाला भाकरी हवी, कोकणातल्याला भात आणि सुकटीचं नाहीतर बोंबलाचं काहीतरी. (म्हणूनच खाणावळी बहुधा गावावारी आणि जातवारीही असत. जेवणाच्या पाटावर गिरणगाव आपल्याला वाटतं तितकं एक नव्हतं.) पहिली पाळी जेवून जाते न जाते तोच रात्रपाळी सुटलेले दारात. दुपारी साडेतीनला पाळी बदलली की पुन्हा पंगत, आणि मध्यरात्रीच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. भांडी घासायला बाहेरची सामाईक मोरी, आणि तिथे शेजारणींशी रोजचे खटके, कारण पंचवीस ताटं घासेपर्यंत मोरी अडलेली.

आणि याच दहा बाय बारात तिचा स्वतःचा संसार! नवरा, तीन-चार पोरं, कधी सासू. जेवणारे बसले की पोरांनी बाहेर गॅलरीत जायचं. पाळणा भिंतीशी, स्टोव्हपासून जितका लांब बांधता येईल तितका. बाळंतपण झालं तरी दहा-बारा दिवसांवर चूल बंद ठेवायची सोय नाही, कारण जेवणारा एकदा दुसरीकडे बसू लागला की परत येतोच असं नाही. मुलगा जरा मोठा झाला की डबे पोचवायचा. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की भाकरी थापायला.

इथे मला थोडं माझं सांगावं लागेल. लालबागजवळच्या एका मराठी शाळेत मी १९७३ पासून शिकवत होते. सकाळच्या सत्रात काही मुली हटकून पहिल्या तासाला उशिरा यायच्या, हाताला पिठाचा वास, डोळे धुराने लाल. वर्गशिक्षिका म्हणून मला त्यांची कारणं तोंडपाठ होती. त्यातल्या दोन-तीन गणितात फार चलाख होत्या. का, ते एकदा त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. आईला लिहिता येत नसे, त्यामुळे वही या मुलींकडे. कोण किती दिवस जेवला, किती खाडे, पाहुणा कुणी आणला, मागची बाकी किती, हे सगळं चौथीतली पोर बिनचूक मांडायची. पण सातवीनंतर त्यातल्या बहुतेक शाळेतून गळायच्या. घरची खाणावळ मुलाला शिकवायची आणि मुलीच्या शाळेवर चालायची. खाणावळवाल्यांचं कौतुक करणाऱ्या लेखनात हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगते.

असो. वहीकडे येते. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा, तोही मागच्या महिन्याचा, पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेनंतर. म्हणजे कामगार आज जेवला तर बाईला त्याचे पैसे महिना-सव्वा महिन्याने मिळणार. तोवर तांदूळ-ज्वारी, डाळ, तेल, रॉकेल ती कुठून आणणार? वाण्याकडून, उधारीवर. वाणी रोखीपेक्षा महाग द्यायचा आणि द्यायचा तोही असेल तसला माल. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं तेव्हा जेवणाऱ्यांची कार्डं बाईकडे जमा होऊ लागली आणि रांगेत उभं राहायचं आणखी एक काम वाढलं. वाण्याचं थकलं की सावकार. सावकाराकडे तारण म्हणून आधी तांब्यापितळेची भांडी, मग कानातलं, शेवटी मंगळसूत्र.

जेवणारा पैसे बुडवून गेला तर? कोर्टकचेरी तिला परवडणारी नव्हती. तिचा विमा एकच, गाव! जेवणारा आपल्या गावचा नाहीतर पाव्हण्यातला असला की तो पळून जाईल कुठे? शिमग्याला नाहीतर जत्रेला गावी भेटणारच. खाणावळी गावावारी असण्यामागे चवीइतकंच हेही कारण असणार, असं मला वाटतं.

एरवी एक महिन्याची असलेली ही उधारी संपात तीन महिन्यांची, सहा महिन्यांची व्हायची. बाईने "उद्यापासून येऊ नका" म्हटलं असतं तर संप किती दिवस टिकला असता? ती म्हणत नसे. त्यात माया होती हे खरं. रोज "मावशी" म्हणणाऱ्याला ताट नाकारणं सोपं नसतं. पण निव्वळ माया नव्हती. हाकलून दिलं तर मागची बाकीही बुडणार आणि संप मिटल्यावर जेवणारेही दुसरीकडे जाणार, हे तिला कळत होतं. भात वाढला, आमटी पातळ झाली, रविवारचं मटण बंद झालं, पण पंगत चालू राहिली. युनियनच्या संपनिधीची चर्चा इतिहासात होते. मला विचाराल तर सगळ्यात मोठा संपनिधी या बायकांच्या कानातल्यांतून आला.

याच शहरात घरगुती उद्योगाचं एक वेगळं उदाहरण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहाजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्याचीच पुढे लिज्जत झाली. तिथे कणीक केंद्रावर मळली जाते, बाई ती घरी नेते, लाटून सुकवून परत देते आणि तिची मजुरी तिला मिळते. पापड टिकतो, वजन करता येतं, विकायची काळजी संस्थेची. खाणावळवालीचा माल त्याच दुपारी खपायला हवा, पैसे मात्र पुढच्या महिन्यात, आणि सगळी जोखीम तिच्या एकटीच्या डोक्यावर. म्हणून लिज्जतसारखी संघटना इथे इतकी वर्षं उभी राहिली नसावी.

ती उभी राहिली १९७५ साली. प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात कोवळ्या वयात उतरलेल्या, आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. १९७४ च्या संपात कामगार जेवतो कुणाच्या जिवावर हे त्यांनी जवळून पाहिलं, आणि संप मिटला तरी या बायकांचं कर्ज मिटलेलं नाही हेही पाहिलं. कामगाराला युनियन होती, खाणावळवालीला कोण? त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं. सुरुवात चौदाजणींपासून. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले पुढारी, त्यामुळे बँकेचं दार कसं ठोठावायचं हे घरातच ठाऊक होतं. गरिबांसाठी १९७२ साली सरकारने द.सा.द.शे. ४ दराची कर्जयोजना आणली होती. तारण ठेवायला या बायकांकडे काहीच उरलं नव्हतं, म्हणून गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. सही करायला शिकणं हा कर्जाइतकाच मोठा सोहळा असायचा म्हणे. परतफेड चोख झाली. (बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं सगळं जग कौतुक करतं, करावंच, पण तो प्रयोग १९७६ चा.) पुढे २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

हे कर्ज हातात आलं आणि पाच-सात वर्षांत १९८२ उजाडलं. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिल्या महिन्यांत खाणावळी नेहमीसारख्याच चालू राहिल्या, कारण संप मिटतो आणि पैसे फिटतात हा पन्नास-साठ वर्षांचा अनुभव. पण हा संप रीतसर मिटलाच नाही. काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, उघडल्या तिथे कितीतरी जणांना परत घेतलं नाही. जेवणारे एकेक करून गावी गेले ते गेलेच. विमा म्हणून जे गाव होतं, तेच आता उपाशी होतं. शिमग्याला भेटून मागणार काय? अन्नपूर्णेने पुढे काहीजणींना ऑफिसांत डबे पुरवायच्या आणि समारंभांच्या जेवणाच्या कामात वळवलं. बाकीच्या धुण्याभांड्याला लागल्या, कुणी रस्त्याच्या कडेला वडे तळू लागल्या.

यातल्या किती बायकांचा धंदा बुडाला याचा आकडा मिळायचा कसा? गिरणीत किती माणसं होती ते हजेरीपटावर होतं, हिची नोंद मात्र "गृहिणी". इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली 'श्रमशक्ती' अहवाल दिला, त्यात घरात बसून कमावणाऱ्या बायका कामगारच आहेत हे सरकारी कागदावर आलं. तोवर गिरणगावातल्या बहुतेक खाणावळी बंद झाल्या होत्या.

माझ्या त्या वेळच्या विद्यार्थिनींपैकी एकीशी अजून येणंजाणं आहे. ती आता साठीच्या घरात आहे. तिच्याकडे आईची शेवटची वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. मागे मी ती चाळून पाहिली. पहिल्या पानांवर चौथीतल्या मुलीचं गोल अक्षर, नावं आणि गावं, पुढे जेवणाचे दिवस मोजणाऱ्या उभ्या रेघा, आणि पैसे चुकते झाले की आडवी काट. ऑगस्ट १९८२ नंतर एकाही नावावर काट नाही. रेघा मात्र पुढच्या मार्चपर्यंत आहेत.