नीलवंत

नीलवंत किंवा राणी पाकोळी हे पुच्छधारी फुलपाखरांच्या कुळातील एक मोठे, काळ्या पंखांचे फुलपाखरू होय. इंग्रजीतून आलेले ‘ब्ल्यू मॉर्मन’ हे त्याचे नावही मराठीत तितकेच प्रचलित आहे. त्याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर असे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला; राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. तेव्हापासून पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत या फुलपाखराचा उल्लेख कधी एका, तर कधी दुसऱ्या नावाने होतो. ही तिन्ही नावे एकाच जातीची आहेत.

वर्णन आणि आढळ

पंखांचा विस्तार साधारणपणे १२ ते १५ सेंटिमीटर असतो. भारतातील सर्वांत मोठ्या फुलपाखरांमध्ये याची गणना होते. पंखांचा मूळ रंग मखमली काळा असून पुढच्या पंखांवर निळसर-राखी पट्टा असतो. मागच्या पंखांचा बाहेरचा अर्धा भाग फिकट निळा असतो व त्यावर काळे ठिपके असतात. पंखांच्या खालच्या बाजूस, मुळाजवळ, गडद लाल ठिपके दिसतात. कुळाचे नाव पुच्छावरून पडलेले असले तरी या जातीच्या मागच्या पंखांना पुच्छ नसते. नर व मादी दिसायला बरेचसे सारखे असतात.

हे फुलपाखरू पश्चिम घाट, कोकण, दक्षिण व पूर्व भारत आणि श्रीलंका येथे आढळते. श्रीलंकेतील उपजाती वेगळी मानली जाते. मादी लिंबूवर्गीय झाडांच्या व माकडलिंबूच्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते. त्यामुळे जंगलाप्रमाणेच घराच्या परसातील लिंबाच्या किंवा पपनसाच्या झाडावरही त्याच्या अळ्या सापडतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. पावसाळ्यात व त्यानंतर फुलपाखरे अधिक दिसतात. नर ओलसर मातीवर बसून क्षार शोषताना आढळतात.

शास्त्रीय नाव

हे नाव डच कीटकशास्त्रज्ञ पीटर क्रॅमर यांनी १७७५ मध्ये दिले. ‘पॅपिलिओ’ या लॅटिन शब्दाचा अर्थ फुलपाखरू असा आहे. पॉलिम्नेस्टर हा ग्रीक पुराणकथेतील थ्रेस देशाचा राजा होय. मोठ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धाशी संबंधित व्यक्तींची नावे देण्याची प्रथा लिनिअसने पाडली होती. हे नाव त्याच परंपरेतले आहे. त्यात फुलपाखराच्या रंगाचा अथवा सवयींचा काहीही निर्देश नाही.

‘मॉर्मन’ या नावाचा उगम

मॉर्मन हा शब्द अमेरिकेतील एका ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांना उद्देशून वापरला जातो. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या या पंथात एकोणिसाव्या शतकात काही काळ बहुपत्नीत्वाची चाल होती. १८९० मध्ये मुख्य धर्मसंघाने ती सोडल्याचे जाहीर केले.

हे नाव प्रथम नीलवंताला नव्हे, तर त्याच्या नात्यातील ‘कॉमन मॉर्मन’ म्हणजे पॅपिलिओ पॉलिटिस या फुलपाखराला मिळाले. या जातीचा नर एकाच रूपाचा असतो. मादी मात्र भारतात तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखे असते. उरलेली दोन रूपे ‘कॉमन रोझ’ व ‘क्रिमझन रोझ’ या फुलपाखरांसारखी दिसतात. या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात व त्या वेलीतील विषद्रव्ये शरीरात साठवतात. म्हणून पक्षी त्यांना टाळतात. त्यांच्यासारखी दिसणारी मादीही त्यामुळे बचावते. हे रूपसाम्य इतके फसवे आहे की, लिनिअसने १७५८ मध्ये याच जातीच्या नराला व मादीला दोन निरनिराळ्या जाती समजून वेगवेगळी नावे दिली होती. आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मादीच्या अनेक रूपांचे सविस्तर विवेचन केले.

एका नराच्या अनेक प्रकारच्या ‘पत्नी’ या कल्पनेवरून इंग्रज निरीक्षकांनी गमतीने ‘मॉर्मन’ हे नाव वापरले, असे स्पष्टीकरण अभ्यासकांत रूढ आहे. पुढे तेच नाव जवळच्या जातींनाही लावले गेले. नीलवंताची मादी मात्र अशी निरनिराळी रूपे धारण करीत नाही. म्हणजेच या नावाचा मूळ अर्थ ज्या वैशिष्ट्यावर आधारलेला आहे, ते आपल्या राज्य फुलपाखरात नाही. हे नाव त्याला केवळ नात्याने मिळाले आहे.

मराठी नावे

राज्य फुलपाखराची घोषणा झाल्यानंतर राज्याच्या प्रतीकांच्या यादीत शेकरू, हरियाल, आंबा व ताम्हण यांच्या बरोबरीने ‘राणी पाकोळी’ हे नाव प्रसृत झाले. पाकोळी हा शब्द मराठीत फुलपाखराला तसाच एका लहान, सतत उडत राहणाऱ्या पक्ष्यालाही लावतात. त्यामुळे पक्षिविषयक लेखनाच्या शेजारी हे नाव आल्यास घोटाळा संभवतो.

‘नीलवंत’ हे नाव महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांसाठी सुचविलेल्या मराठी नावांपैकी आहे. गुणवंत, कीर्तिवंत यांप्रमाणे ‘वंत’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला असून ‘निळाई असलेला’ असा त्याचा अर्थ होतो. अन्य राज्यांनीही असा भाषिक विचार केलेला दिसतो. केरळच्या राज्य फुलपाखराचे ‘बुद्धमयूरी’ व तमिळनाडूच्या राज्य फुलपाखराचे ‘तमिळ मरवन’ ही नावे त्या त्या भाषेत रुळली आहेत.

लेखनातील वापर

मराठी लेखनात मॉर्मन, मॉरमॉन, मोरमॉन अशी रूपे आढळतात. यांपैकी शेवटच्या रूपामुळे या नावाचा मोराशी संबंध असल्याचा समज होतो. तो निराधार आहे. व्याकरणदृष्ट्या ‘राणी पाकोळी’ स्त्रीलिंगी, तर ‘नीलवंत’ पुल्लिंगी चालतो. म्हणून ‘राणी पाकोळी उडाली’, पण ‘नीलवंत उडाला’ असे लिहितात. एका लेखात एकच मराठी नाव ठेवून पहिल्या उल्लेखासोबत शास्त्रीय नाव दिल्यास जातीविषयी संदिग्धता राहत नाही. केवळ ‘मॉर्मन’ असे लिहिणे अपुरे आहे, कारण त्या नावाने एकाहून अधिक जाती ओळखल्या जातात.