लहुजींची तालीम

लहुजी वस्तादांच्या जयंतीला बोलायला उभा राहिलेला वक्ता पहिल्या दोन मिनिटांत त्यांच्या शिष्यांची यादी वाचतो. जोतीराव फुले, सदाशिवराव गोवंडे, वासुदेव बळवंत फडके. मग आवाज चढवून टिळक आणि आगरकर. मीही अशी भाषणे केली आहेत. शेवटची नावे जितक्या वरच्या जातीची तितक्या टाळ्या अधिक, हा माझा अनुभव आहे. पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागलो तेव्हा एकदा वहीत सनावळ्या मांडून पाहिल्या. लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा सांगतात. जोतीराव १८४७ च्या सुमारास त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा वस्ताद ५३ वर्षांचे होते. १८४५ साली जन्मलेले फडके नोकरीनिमित्त पुण्यात आले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठत आणली होती. टिळकांनी शरीर कमावायचे मनावर घेतले ते डेक्कन कॉलेजात गेल्यावर, म्हणजे १८७२ नंतर. तोवर लहुजी ऐंशीला टेकलेले. ऐंशीचा म्हातारा शिकवणारच नाही असे नाही. पण ही यादी आपण का लांबवतो, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे. ती शिष्यांची यादी राहिलेली नाही, ते दाखले झाले आहेत. मांगाच्या हातात विद्या होती हे पटवायला आपल्याला अजून ब्राह्मणाची सही लागते.

वस्ताद स्वतः कुठे शिकले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. पुरंदरच्या पायथ्याचे पेठ हे त्यांचे गाव. गडकोटांच्या घेऱ्यात मांग, महार, रामोशी यांच्याकडे रखवालीची कामे असत. साळव्यांच्या घराण्याकडे पुरंदरच्या रखवालीचे काम होते, 'राऊत' ही पदवी तिथूनच आली, आणि वडील राघोजी पेशव्यांच्या शिकारखान्यावर होते, असे परंपरा सांगते. म्हणजे लहुजींची शाळा घरातच होती. या विद्येला पोथी नाही. ती बापाच्या पायांकडे बघत शिकायची असते.

हे मी ऐकीव बोलत नाही. आमचा आजा गावच्या जत्रेत पट्टा फिरवी. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ, तिच्यातून निघालेले लांब, लवचिक, दुधारी पाते. हे पाते मनगटाने वळत नाही. सारे अंग त्याच्याबरोबर फिरावे लागते, म्हणून आधी पवित्रा. आजा म्हणे, पाय चुकला तर पट्टा पहिल्यांदा धन्यालाच खातो. शिकाऊ पोराला तो महिनोन्‌महिने पट्ट्याला शिवू देत नसे. लाकडी गदगा आणि चामड्याची फरी, आणि मातीवर काढलेल्या रेघांवर पावले टाकणे. जत्रेत आडव्या निजलेल्या माणसाच्या गळ्यावर लिंबू ठेवून तो कापी, कातडीला ओरखडा येत नसे. सारा गाव श्वास रोखून बघे. मग त्याला भाकरी मिळे, ती वेशीबाहेर, वरून टाकलेली. वस्तादाचे नाव घेताना मात्र त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीला जाई.

'वस्ताद' हा उस्तादाचा मराठी अवतार. 'तालीम' या अरबी शब्दाचा अर्थ मुळात शिक्षण. आपल्याकडे या दोन्ही शब्दांचे काय झाले पाहा. पोथी शिकवणारा शास्त्री, पंतोजी, गुरुजी; अंग शिकवणारा वस्ताद, आणि पुढे तर वस्ताद म्हणजे लबाड माणूस! ज्या विद्या कष्टकऱ्यांच्या हातात राहिल्या त्यांना भाषेनेही खालच्या पंगतीला बसवले.

त्याच काळात पुण्यात बाळंभटदादा देवधर होऊन गेले. मल्लखांबाचे पुनरुज्जीवक, दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू. व्यायामाच्या इतिहासात त्यांची परंपरा नीट नोंदलेली आहे. शिष्य कोण, ते काशीला आणि बडोद्याला कसे पोचले, सगळे. ते थोर होतेच, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांना राजाश्रय होता आणि त्यांच्यामागे लिहिणारे होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आणि याच बाजीरावाच्या पुण्यातल्या तालीमखान्याची दुसरी नोंद आपल्या हाती आहे. ती जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मांगाच्या मुलीने केली. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. त्यात ती सांगते, बाजीरावाच्या राज्यात मांग वा महार तालीमखान्यासमोरून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या मुंडक्याचा खेळ होई. तालमीत शिरणे दूरच, नुसते समोरून जाण्याची ही किंमत! मुक्ताला कोणी लहुजींची नात म्हणतात, कोणी पुतणी. नाते काही असो, तिने जे लिहिले ते वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असणार, आणि त्या म्हाताऱ्यांत लहुजी होते.

येथे मी दरवर्षी वर्गात अडतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. बाजीराव पर्वतीवरून बघत होता आणि खाली राघोजी साळवे पडले. वाकडेवाडीला त्यांची समाधी दाखवतात. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २३ वर्षांच्या लहुजींनी तेव्हा देशासाठी शपथ घेतली, असे आपण फलकांवर लिहितो. पण राघोजी ज्या राज्यासाठी मेले, ते राज्य बुडाले म्हणून मुक्ता सुटकेचा श्वास टाकते. एकाच शहरातल्या, एकाच आडनावाच्या दोन पिढ्या. यातली एक खरी आणि एक खोटी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. राष्ट्रवादी इतिहासकार मुक्ताला वगळतात, आमच्यातले काही राघोजीला. मला दोघेही खरे वाटतात. मिठाला जागणे हा आमच्या बापजाद्यांचा धर्म होता आणि त्या मिठात काय कालवलेले होते हेही त्यांना ठाऊक होते.

मुक्ताचे शब्द मनात ठेवून गंज पेठेकडे पाहा. समोरून जाणाऱ्या मांगाचे मुंडके जिथे उडत होते, त्या शहरात एका मांगाने स्वतःची तालीम काढली आणि माळ्याची, ब्राह्मणाची पोरे तिथे येऊन त्याच्यापुढे वाकली. दांडपट्टा, निशाणबाजी शिकली. शिकवताना वस्ताद पोराचे मनगट धरतो, खांदा फिरवतो, पाय सरकवतो. स्पर्श केल्यावाचून ही विद्या देताच येत नाही. १८४७ च्या पुण्यात ही काय चीज होती! घरी गेल्यावर त्यांतल्या कितींनी अंगावर पाणी ओतून घेतले असेल, असे मनात येतेच.

पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या. १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची, त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी. तेव्हा लहुजींनी आणि राणबा महारांनी आपापल्या वस्तीत पोरे शाळेत घाला म्हणून सांगितले. ज्याची उभी हयात मनगटावर गेली तो साठीला आलेला माणूस पोरांना पाटीकडे पाठवतो, हे मला त्यांच्या कुठल्याही शपथेपेक्षा मोठे वाटते. पट्ट्याचे दिवस संपले हे त्यांनी ओळखले असावे. सरकारने १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ ला तो देशभर पसरवला आणि हजेरीच्या रांगेत मांगही उभे झाले. बापाने दिलेले शस्त्र आता पुरावा ठरत होते. आजाने पट्टा कैक वर्षे आढ्याला, गवताच्या पेंढीत लपवून ठेवला होता.

१७ फेब्रुवारी १८८१ ला वस्ताद गेले. समाधी संगमवाडीला आहे. २००३ मध्ये शासनाने मातंग समाजाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला आणि त्याला त्यांचे नाव दिले. आमच्या भाषणांतली यादी मात्र आहे तीच. तीत त्या तालमीत घाम गाळलेल्या मांगाच्या, महाराच्या, रामोशाच्या एकाही पोराचे नाव नाही.

गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांना घेऊन गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत गेलो होतो. आधी जोतीरावांचा वाडा पाहिला, मग तालीम. दोन्ही एकाच पेठेत, चालत जाण्यासारखी. आमच्याच वस्तीतला एक पोरगा तालमीसमोर थबकला आणि चपला काढून हातात धरून विचारू लागला, "सर, आत गेलं तर चालतंय का?"